ट्रॉलीची पिन आणि पोतीचा मणी

मासे धरायला म्हणून मी ट्रॉलीची पिन नदीत टाकली होती. ट्रॅक्टरला मागची ट्रॉली जिने अडकवतात ती लोखंडी पिन, खलबत्त्यातल्या बत्त्याएवढी. तिला दोरी बांधली, दोरीला भला मोठा गळ, गळाला कणकेचा गोळा, आणि हे सगळं लटांबर डोक्यावरून गरगर फिरवून प्रवरेत भिरकावलं. आधीच कबूल केलेलं बरं. नाहीतर आमच्या घरातलं कोणी ना कोणी हे सांगतंच, आणि त्यांच्या सांगण्यात ती पिन दरवर्षी थोडी थोडी मोठी होत जाते.

ही माझ्या तारुण्यातली गोष्ट. म्हणजे तेव्हा मला एकसष्टावं लागलं होतं. आता सत्तरीच्या उंबऱ्यावरून बघते तर ती बाई मला फारच अल्लड वाटते. अंगात जोर होता, गुडघे अजून बोलायला लागले नव्हते, आणि आपल्याला सगळं येतं असा भलताच भरवसा होता. आज तिला कोणी माझ्यासमोर उभं केलं तर कान धरून घरी आणीन.

झालं होतं असं. आमची वस्ती बेलापूरच्या खालच्या अंगाला, नदीला लागून. सून पोटुशी होती, पहिलीच खेप. चौथा महिना सरत आला तरी तिच्या उलट्या थांबेनात. पाणी प्यायली तरी बाहेर. श्रीरामपूरला दवाखान्यात नेऊन सलाईन लावून आणली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन वाढायचं सोडून उतरतंय, पडून राहायचं, आणि काहीही करून पोटात अन्न टिकलं पाहिजे, जे मागेल ते द्या. पण ती मागेल तर ना! मी आंबट करून दिलं, तिखट करून दिलं, दूधभात कालवला, कढी केली. ताट समोर आलं की ती तोंडाला पदर लावायची. गालफडं बसली होती पोरीची. मुलगा नगरला एमआयडीसीत कामाला. शनिवारी यायचा आणि रविवारी तिचं तोंड बघून स्वतःही न जेवता जायचा.

एका संध्याकाळी तिच्या उशाशी बसले.

म्हटलं, "पोरी, कायतरी बोल. डोहाळे लागतात की बायकांना. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी चुलीची भाजकी माती खायचे. म्हणून तर तो असा ढेकळासारखा झाला."

ती हसली नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "शिंगट्याचा रस्सा."

एवढंच. पण मला कोण आनंद झाला! मागितलं की काहीतरी! मग लक्षात आलं की मागून मागून काय मागितलं.

शिंगटा म्हणजे मिशावाला, अंगाला खवलं नसलेला मासा. नदीच्या तळाशी, वाहत्या पाण्यात राहणारा. सुनेचं माहेर गोदावरीकाठचं. तिचे वडील, ज्यांना ती अप्पा म्हणायची, ते धारेतला शिंगटा गळाने धरून आणायचे आणि स्वतः रांधायचे. अप्पा जाऊन वर्ष झालं होतं. बाजारातून आणते म्हटलं तर ती म्हणाली, "नगं आत्या. तळ्यातल्याला खाद्याचा वास येतो. मला धारंतला पायजे." आणि आमच्या नदीला धार असते कुठे बारमाही! दिवाळीनंतर डबकी. धरणातून आवर्तन सुटलं की तेवढे दिवस ती खरी नदी होते, बंधाऱ्यावरून उड्या मारते, आणि पाणी बंद झालं की पुन्हा गप्प. नशीब असं की त्याच आठवड्यात उन्हाळी आवर्तन सुटलेलं. कालव्यावरचा पाटकरी सांगून गेला होता, शनिवारी पाणी बंद.

बंधाऱ्यावर गळ टाकून बसणाऱ्यांना जाऊन विचारलं. त्यांच्या पिशवीत नुसती चिलापी. "शिंगटा हाय वहिनी, पन तोंड लावत न्हाई," म्हणाले.

तोंड लावत नाही म्हणजे काय! एकसष्टीतल्या त्या पोरीने कंबरेला पदर खोचला. तिचं डोकं असं चाललं: पाण्याला जोर लई, म्हणजे वजन लई पाहिजे. मासा तळाला राहतो, म्हणजे वजन तळाला घट्ट बसलं पाहिजे. मासा मोठा, म्हणजे दोरी जाड आणि गळ मोठा. किती सरळ हिशेब! विचारायचं कोणाला कशाला? शेडमध्ये पिन दिसली, उचलली.

पिन पाण्यात पडली तेव्हा जो आवाज झाला त्याने बंधाऱ्यावरचे बगळे उठले. कणकेचा गोळा पहिल्याच लोंढ्यात विरघळून गेला असणार, हे मला आज कळतं. तेव्हा मी रिकामा गळ पाण्यात सोडून ऐटीत उभी होते. थोड्या वेळाने दोरी ओढली तर येईना. अगं बाई, लागला! मी ओरडलेच, "लागला, लागला!" दोरी हाताला गुंडाळली, पाय रोवले आणि ओढलं. समोरून कोणी ओढतही नव्हतं आणि सोडतही नव्हतं. पिन दोन धोंड्यांच्या मध्ये जाऊन बसली होती. मी आणखी जोर केला, दोरी तुटली, आणि मी शेवाळावरून घसरत, लुगड्यासकट, गुडघाभर पाण्यात फतकल मारून बसले.

बंधाऱ्यावरून आवाज आला, "वहिनी, मासा धरताय का म्हैस?"

तशीच निथळत घरी आले. दारात मालक उभे. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि चेहऱ्यावर आठ्या.

"ट्रॉलीची पिन बघितली का गं कुठं? मघापासून शोधतोय. ऊस आणायचाय."

"नदीत आहे," मी म्हटलं.

"नदीत? ती कशी गेली नदीत?"

"मी टाकली. मासे धरायला."

माळकरी माणसाला शिव्या देता येत नाहीत, हा माझ्या संसारातला मोठा फायदा. ते नुसते "पांडुरंग, पांडुरंग" म्हणत शेजारची पिन मागायला गेले. पण आतल्या खोलीतून एक आवाज आला आणि मी दचकले. सून हसत होती. खाटेवर पडल्या पडल्या, पोटाला हात लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. कितीतरी दिवसांनी.

"आत्या, पिन? पिन लावली तुमी?"

"मग काय लावू? पाणी केवढं धोधो वाहतंय!"

ती कोपरावर उठून बसली. "आवं, शिंगटा लई भित्रा. घास तोंडात धरतो, आनि जरा जड लागलं की थुकून देतो. त्याला कळताच कामा न्हाई की घासाला कायतरी बांधलंय. जोराच्या पान्यात हलकं लावायचं, जड न्हाई. तळाला नुसतं टेकत टेकत गेलं पायजे."

आणि मग त्या खाटेवर माझी शाळा भरली. गुरू वीस-बावीसची, उलट्यांनी अर्धी झालेली, आणि चेली मी. तिने सांगायचं, मी आणायचं. बेलापूरच्या बाजारातून बारीक तंगूस आणला, तो नायलॉनचा दोरा, इतका बारीक की माझ्या चष्म्याला दिसेना. गळ आणला ज्वारीच्या दाण्याला लाजवेल असा चिमुकला. दुकानदार म्हणाला, "नातवाला का?" म्हटलं, "व्हय, त्याच्यासाठीच." खोटं थोडंच होतं?

शिशाचा तुकडा तिने हातात घेतला, तोलला आणि परत दिला. "निम्मा करा." केला. "आजून निम्मा." केला. उरला तो चिंचोक्याएवढा. मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. त्या चिंचोक्याला तिने सुईने आरपार भोक पाडायला लावलं आणि त्यातून तंगूस ओवला. शिसं दोऱ्यावर सुळसुळ पुढेमागे सरकायला लागलं.

"आता एक मनी पायजे," ती म्हणाली. "काळा, बारीक भोकाचा."

"मणी कशाला?"

"शिसं गाठीवर आपटून गाठ कापतं. मधी मनी असला की गाठ ऱ्हाती. अप्पा आईच्या पोतीतला घ्यायचे."

मी माझ्या डबीतली जुनी पोत काढली, तिचा दोरा तोडला आणि एक मणी दिला. नेमके तेव्हाच मालक आत आले.

"हे काय! माझ्या नावाचा मणी माशाला?"

"माशाला नाही, गाठीला," मी म्हटलं. "आणि तुमच्या नावाचे अजून मूठभर आहेत, काळजी करू नका."

मण्याच्या पुढे गाठ, गाठीच्या पुढे हातभर आणखी बारीक तंगूस, आणि त्याच्या टोकाला तो गळ. आता मला वाटलं झालं. पण नाही. ती म्हणाली, घास तळाला लोळला तर धोंड्यात अडकेल, तो वीतभर वर तरंगला पाहिजे. म्हणून ज्वारीचं धाट सोलून आतलं पांढरं भेंड काढलं. लहानपणी आम्ही त्याच्या बैलगाड्या करायचो. त्याचा मुगाएवढा तुकडा गळाच्या जरा मागे ओवला. बादलीत सोडून बघितलं तर काय सांगू! शिसं तळाला बसलं, आणि गळ वर, मोकळा, पाण्यात डुलत उभा! मी टाळ्या पिटल्या. माझ्या पिनेच्या डोक्याला हे सात जन्मात सुचलं नसतं.

"आता हात," ती म्हणाली.

"हाताचं काय?"

"हाताला कळलं पायजे."

अंगणात तिची खाट काढली. माझ्या डोळ्यांवर माझाच पदर बांधला. तंगूस माझ्या बोटावरून घेतला, आणि दुसऱ्या टोकाला ती. शिसं फरशीवरून ओढायची, मधेच हलकेच धरायची.

"ह्यो काय?"

"मासा!"

"दगड. ह्यो?"

"मासा!"

"ह्यो बी दगड. आत्या, तुमाला सगळीकडं मासाच दिसतोय."

"मग मासा कसा असतो ते तरी सांग की!"

"दगड टकटक करतो. मासा काय करत न्हाई. टकटक चाललेली थांबती, आनि दोरा जरा जड व्हतो, वल्ल्या फडक्यागत. तवा लगीच ओढायचं न्हाई. सैल सोडायचं. त्याला घेऊ द्यायचं. तो चालायला लागला की मंग हात उचलायचा. झटका न्हाई, नुसता उचलायचा."

पुन्हा टकटक, टकटक, आणि मग काहीच नाही. जड. मी हात सैल सोडला.

"हां!" ती ओरडली. "ह्यो मासा!"

पदर सोडला तर मालक पुढ्यात उभे. बायको डोळे बांधून बसलेली, सून दोरा धरून ओरडतेय, आणि मधे अंगणभर तंगूस. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि चप्पल घालून देवळात गेले.

गुरुवारी गेले. उकिरड्याच्या ओल्या कडेची गांडुळं डब्यात. गांडूळ फक्त तोंडाशी टोचायचं, शेपूट मोकळं हलतं ठेवायचं, हेही शिकून. टाकायचं कुठे, तेही तिने सांगितलं होतं: जोराच्या पाण्यात नाही आणि थांबलेल्या पाण्यातही नाही. दोन्ही जिथे एकमेकांना लागतात तिथे पाण्यावर एक रेघ दिसते. कापडाला शिवण असते तशी. त्या शिवणीच्या वरच्या अंगाला टाकायचं आणि धारेने वाहू द्यायचं. बंधाऱ्याच्या खाली, काठालगत मोठ्या धोंड्यामागे मला ती शिवण दिसली. इतकी वर्षं त्याच नदीवर धुणं धुतलं, पण ही रेघ मी कधी बघितलीच नव्हती.

टाकलं. टकटक, टकटक. बोटाच्या टोकाला नदीचा तळ कळायला लागला! इथे वाळू, इथे गोटे, इथे खोलगट. आणि मग एकदम थांबलं. जड झालं. ओल्या फडक्यासारखं.

सगळं शिकवलेलं आठवत होतं. सैल सोडायचं, माहीत होतं. पण त्या एकसष्टीतल्या पोरीचा धीर सुटला. खसकन असा झटका मारला की गांडूळ पाण्यातून उडून माझ्या खांद्यावर येऊन पडलं. मासा गेला. नुसतं अर्धं गांडूळ.

घरी येऊन सांगितलं तर सुनेने कपाळाला हात लावला. "घरात बी तुमी तसंच करता. भाकरी फुगायच्या आत उलटता."

शुक्रवारी एक नाही की दोन नाही. नुसती टकटक. संध्याकाळी घरी आले तर सुनेने दुपारचा चहासुद्धा उलटून टाकलेला. ओठ सुकलेले. मालक म्हणाले, उद्या परत दवाखान्यात न्यावं लागेल, सलाईनला. मी तिच्या पायाशी बसले. ती डोळे मिटूनच म्हणाली, "भेंड बदललं का?"

"काय?"

"भेंड पानी पितं. मंग तरंगत न्हाई. घास खाली लोळत असंल."

खरंच की! दोन दिवस मी एकच तुकडा वापरत होते. पाणी पिऊन तो दगड झाला होता. धावत जाऊन नवीन धाटं सोलून डब्यात तुकडे भरून ठेवले.

शनिवारी उजाडताच नदीवर. पाणी कालच्यापेक्षा हातभर उतरलेलं, वरून बंद केलेलंच होतं. धोंड्यांची डोकी दिसायला लागली होती आणि ती शिवण अरुंद होत चालली होती. दुपारपर्यंत धार राहणार नाही हे उघड होतं. काठावर मीच. बंधाऱ्यावर एकच टोपी, त्या दिवशी म्हैस म्हणणारी.

नवीन भेंड, नवीन गांडूळ. टाकलं. टकटक. काढलं. पुन्हा टाकलं. धार कमी झाली म्हणून शिसं अडकायला लागलं. मग दातांनी शिशाचा एक कोपरा तोडून टाकला, चिंचोक्याचा झाला तूरदाणा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं हं, माझं मलाच सुचलं! टाकलं. टक. टक.

थांबलं.

दोरा जड. हात म्हणतोय ओढ, ओढ. मी तोंडाने मोठ्यांदा म्हणायला लागले, "भाकरी फुगू दे, भाकरी फुगू दे." बोट सैल केलं. तंगूस हळूहळू सरकत पाण्यात गेला. शिसं जागेवर, आणि दोरा त्याच्यातून पुढे, वरच्या अंगाला! वाहत्या पाण्याविरुद्ध! पाणी काही दोरा वर नेत नाही. मी हात उचलला.

काय तो जीव! बारीक तंगूस गुणगुणायला लागला. मी काठाने त्याच्यामागे चालले, ओढलं नाही, नुसतं धरून राहिले. तो धोंड्यामागे गेला, मी वाकले. तो बाहेर आला, मी सरळ झाले. फुगडी घालावी तसे आम्ही दोघं. मग मिशा दिसल्या! पांढऱ्या पोटाचा, हातभर लांबीचा. पोत्यात धरून काठावर घेतला, पंखाला काटा असतो म्हणून पदराने न धरता, हेही सुनेनेच सांगितलेलं. आणि मग मी जी आरोळी ठोकली ती ऐकून बंधाऱ्यावरची टोपी खाली उतरून आली.

"वहिनी, शिंगटा! कशानं धरला वो?"

"पोतीच्या मण्यानं," म्हटलं आणि पळत सुटले. एकसष्ट वर्षांची बाई, पोतं छातीशी धरून, बांधावरून पळत! आणि हो, उतरलेल्या पाण्यात दोन धोंड्यांच्या मध्ये ट्रॉलीची पिन ऐटीत उभी होती. तीही उचलली.

आमच्याकडे असलं शिजतं ते गोठ्यामागच्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. चुलीपाशी गेले तर तिथे सुकी बाभळीची लाकडं रचून ठेवलेली. मालक गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून गाईला खाजवत होते.

"मी काय बघितलं न्हाई," ते गाईला म्हणाले.

सुनेची खाट गोठ्याच्या सावलीत आणली. तिथूनच तिची हाळी चाललेली: लसूण ठेचा, वाटू नका. चिंच आधी टाका. ढवळू नका, पातेलं हलवा. ती सांगेल तसं मी करत होते. रस्सा उकळला, वाडग्यात काढला, भाकरी चुरली आणि तिच्या हातात दिला. पहिला घास तिने बराच वेळ तोंडात धरला. गिळला. आम्ही दोघंही बघत होतो, मालक तर पाठ करायची विसरले होते. दुसरा घास. तिसरा. मग ती थांबली. वाडगा मांडीवर ठेवून डोळे मिटले. मी शेजारी ठेवलेली बादली पुढे ओढली. तिने हातानेच ती बाजूला सारली. बसून राहिली. गाय रवंथ करत होती. मग तिने वाडगा उचलून तोंडाला लावला, तळापर्यंत रिकामा केला, ओठ पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"आत्या, तिखट कमी पडलंय, मीठ जास्ती झालंय, आनि आमच्या अप्पांच्या रश्श्याची सर तर न्हाईच न्हाई. आजून एक भाकर टाका."